‘रॅपिडली’ म्हणजे कशाच्या मानाने?

दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला विद्यार्थी अकरावीत येतो आणि इंग्रजी पाठ्यपुस्तक उघडतो, तेव्हा पारिभाषिक शब्द त्याला फार काळ अडवत नाहीत. ‘प्रेशर’ म्हणजे दाब, ‘टेम्परेचर’ म्हणजे तापमान, हे तो आठवडाभरात पाठ करतो. खरी अडचण करतात ते साधे दिसणारे शब्द. ‘रॅपिडली’ हे क्रियाविशेषण त्यातलेच एक. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘जलद, वेगाने, झपाट्याने’ असा मिळतो. विद्यार्थी तो समासात लिहून घेतो आणि धडा पुढे सरकतो.

पण विज्ञानाच्या पुस्तकात हा शब्द फार मोठे ओझे वाहत असतो. ‘वायू रॅपिडली दाबला तर तो तापतो’, ‘लाव्हा रॅपिडली थंड झाल्यामुळे बसाल्टचे स्फटिक बारीक राहतात’, ‘ध्वनिलहरीतील संपीडने इतक्या रॅपिडली होतात की उष्णतेला बाहेर जायला वेळ मिळत नाही’. या तिन्ही वाक्यांत कारण म्हणून जे काही सांगितले आहे, ते सगळे या एका शब्दात आहे. तो शब्द नीट समजला नाही तर विधान पाठ होते, कारण मात्र कळत नाही. आणि या तीन वाक्यांपैकी एकात तर तो चुकीच्याच जागी बसलेला आहे. ते कोणते, हे या लेखात आपण पाहणार आहोत. पण सुरुवात शब्दापासूनच करू.

तीन शब्द, तीन छटा

इंग्रजीत वेगाबद्दल बोलायला ‘फास्ट’, ‘क्विकली’ आणि ‘रॅपिडली’ हे तीन शब्द सर्रास वापरतात. तिन्हींचे भाषांतर आपण ‘जलद’ असे करतो, पण त्यांच्या छटा वेगळ्या आहेत.

‘फास्ट’ हा शब्द मुख्यतः हलणाऱ्या वस्तूच्या चालीबद्दल येतो. घोडा फास्ट धावतो. हा शब्द विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही, म्हणून त्याला ‘ली’ जोडून ‘फास्टली’ म्हणायचे नसते. ही चूक आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत वारंवार दिसते. या शब्दाचा जुना अर्थ ‘घट्ट, पक्का’ असा आहे. कापडाचा न जाणारा रंग ‘फास्ट’ असतो तो त्या अर्थाने.

‘क्विकली’मध्ये काम थोड्या वेळात उरकण्याचा भाव आहे. आपल्या ‘पटकन’ किंवा ‘लवकर’च्या तो जवळचा. पटकन डबा भरणे आणि डबा घेऊन जोरात पळणे या निराळ्या गोष्टी आहेत.

‘रॅपिडली’ हा शब्द बहुधा बदलाबद्दल येतो. लॅटिनमध्ये ‘रॅपेरे’ म्हणजे हिसकावून नेणे, ओढून नेणे. त्यावरून हा शब्द आला. नदी खडकांवरून उसळत जाते त्या जागेला इंग्रजीत ‘रॅपिड्स’ म्हणतात, तेही त्याच मुळातून. दाब, तापमान, लोकसंख्या, ताप, किंमत यांतले काहीही ‘रॅपिडली’ बदलू शकते. तिथे कुठलीच वस्तू एका जागेहून दुसऱ्या जागी धावत नसते.

म्हणूनच ‘रॅपिडली’ला मराठीत ‘वेगाने’ म्हणणे कधी कधी घोटाळ्याचे ठरते. भौतिकशास्त्रात ‘वेग’ या शब्दाला आपण एक नेमका अर्थ दिला आहे. ब्रेक दाबल्यावर ‘गाडीचा वेग वेगाने कमी झाला’ असे लिहिले की पहिला ‘वेग’ गाडीचा असतो आणि दुसरा ‘वेग’ तो कमी होण्याच्या दराचा. तिथे ‘झपाट्याने’ हा शब्द चांगला. ‘झपाट्याने’मध्ये बदलाचा दर दिसतो, आणि ‘रॅपिडली’चा खरा विषय दर हाच आहे.

जलद लोकल किती जलद?

छटा कळल्या तरी मुख्य प्रश्न उरतो. झपाट्याने म्हणजे किती झपाट्याने? सेकंदात? मिनिटात? वर्षात?

मुंबईच्या स्थानकांवर ‘जलद लोकल’ आणि ‘धीमी लोकल’ अशा घोषणा होतात. दोन स्थानकांच्या मध्ये दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच जोराने धावत असू शकतात. जलद लोकल मधल्या अनेक स्थानकांवर थांबत नाही, म्हणून ती लवकर पोचते. शेजारच्या रुळांवर धीमी लोकल आहे, म्हणून हिला जलद म्हणायचे. हीच गाडी विमानाशेजारी ठेवली तर तिला कोणी जलद म्हणणार नाही.

रोजच्या बोलण्यात ही तुलना न सांगता कळते. विज्ञानात मात्र ती सांगावी लागते. ‘रॅपिडली’ या शब्दात दोन काळ दडलेले असतात. एक, आपण जी क्रिया करतो तिला लागणारा काळ. दुसरा, त्याच वेळी चाललेल्या दुसऱ्या कोणत्या तरी क्रियेला लागणारा काळ. पहिला काळ दुसऱ्यापेक्षा बराच लहान असेल तर क्रिया ‘रॅपिडली’ झाली. बराच मोठा असेल तर ‘स्लोली’ झाली. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारे लोक हा शब्द वाचला की मनातल्या मनात विचारतो, ‘कशाच्या मानाने?’ तो प्रश्न वर्गातही विचारला जायला हवा.

लोहाराचे उदाहरण घेऊ. विळ्याला पाणी देताना लोहार तापून लाल झालेले पोलाद पाण्यात बुडवतो. तापलेल्या पोलादात कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमध्ये विरघळलेले असतात. थंड होताना त्यांना तिथून बाहेर पडून वेगळे साठायचे असते. त्यासाठी त्यांना वेळ हवा. पोलाद राखेत ठेवून सावकाश निवू दिले तर तो वेळ मिळतो आणि पोलाद मऊ राहते. पाण्यात बुडवले तर कार्बनचे अणू जागच्या जागी अडकून पडतात आणि पोलाद कठीण पण ठिसूळ होते. सुमारे ०.८ टक्के कार्बन असलेल्या साध्या पोलादात ही शर्यत जिंकायला साधारण सेकंदभराचा अवधी असतो. इथे ‘रॅपिडली’ म्हणजे सेकंदाच्या आत.

१९६० साली अमेरिकेत पोल ड्युवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने व सिलिकॉन यांचा वितळलेला मिश्रधातू इतक्या झपाट्याने थंड केला, की त्यात स्फटिक बनलेच नाहीत आणि काचेसारखा धातू तयार झाला. तिथे तापमान सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या दराने उतरवावे लागले. म्हणजे सेकंदभराचा अवधीसुद्धा या मिश्रधातूला फार मोठा होता. शब्द मात्र तोच, ‘रॅपिडली’.

आता बसाल्टकडे येऊ. महाराष्ट्राचा बराच मोठा भाग ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे. तो ‘रॅपिडली’ थंड झाला असे आपण शिकवतो, आणि विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर लोहाराची पाण्याची कुंडी येते. किती काळात थंड झाला, याचा ढोबळ हिशेब आपल्याला करता येईल. त्यासाठी उष्णता कशी पसरते, ते आधी पाहू.

उष्णतेची चाल

उष्णता वहनाने पसरते तेव्हा ती सरळ रेषेत धावत नाही. गर्दीत कानगोष्ट पसरावी तशी, शेजारच्याकडून शेजारच्याकडे, मागे-पुढे होत ती पसरते. म्हणून दुप्पट अंतर जायला तिला दुप्पट नव्हे तर चौपट वेळ लागतो. दसपट अंतराला शंभरपट वेळ. एवढा एक नियम लक्षात ठेवला तरी पुरे.

अगदी निश्चल हवेत उष्णता पसरायला लागणारा काळ अंदाजे असा असतो :

०.१ मि.मी. – सेकंदाचा दोन हजारावा भाग
१ मि.मी. – सेकंदाचा विसावा भाग
१ से.मी. – ५ सेकंद
१० से.मी. – सुमारे ८ मिनिटे
१ मीटर – सुमारे १४ तास

खोलीतली हवा प्रत्यक्षात याहून लवकर तापते, कारण ती निश्चल नसते. तापलेली हवा स्वतःच हलते आणि उष्णता बरोबर नेते. पण निव्वळ वहनाचा हिशेब हा असा आहे.

खडकात वहन हवेतल्यापेक्षा आणखी सावकाश पसरते. एक मीटर जायला उष्णतेला सुमारे १२ दिवस लागतात. मग १० मीटरला त्याच्या शंभरपट, म्हणजे सुमारे तीन वर्षे. १ किलोमीटरला दहा लाखपट, म्हणजे तीस हजार वर्षांहून अधिक. लाव्ह्याचा एक थर वीस मीटर जाड असेल, तर त्याच्या मध्यापासून पृष्ठभागापर्यंत दहा मीटर अंतर आहे. तो आतून निवायला काही वर्षे लागणार. भेगांतून पावसाचे पाणी शिरले तर थोडा आधी निवेल, पण सेकंदात किंवा तासात नक्कीच नाही.

तरीही ‘रॅपिडली’ हा शब्द इथे बरोबर आहे, कारण तुलना ग्रॅनाइटशी आहे. ग्रॅनाइट जमिनीखाली कित्येक किलोमीटर आकाराच्या साठ्यात निवतो. त्याला हजारो-लाखो वर्षे मिळतात. म्हणून गुलाबी किंवा करड्या ग्रॅनाइटच्या फरशीत वेगवेगळ्या रंगांचे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात, आणि बसाल्टमध्ये बहुधा भिंग घ्यावे लागते. लोहाराचे ‘रॅपिडली’ सेकंदाचे आणि सह्याद्रीचे ‘रॅपिडली’ वर्षांचे. कशाच्या मानाने, हे सांगितले की दोन्ही खरी.

हे करून पाहा

सायकलचा हातपंप घ्या. वायसर चांगला असावा.

१. पंपाची नळी मोकळी ठेवून वीस वेळा दट्ट्या मारा आणि पंपाच्या तळाकडचा भाग हाताने पाहा.

२. टायरमधली हवा बरीच कमी करून नळी जोडा आणि तेवढ्याच झपाट्याने वीस वेळा दट्ट्या मारा. पुन्हा हात लावून पाहा.

३. पंप पूर्ण निवू द्या. टायरमधली हवा पहिल्याइतकीच कमी करा. आता प्रत्येक वेळी दट्ट्या अर्धा मिनिट घेऊन सावकाश खाली आणा. वीस वेळा झाल्यावर हात लावून पाहा.

पहिल्या प्रयोगात पंप फारसा तापत नाही. म्हणजे दुसऱ्यात जाणवणारी उष्णता केवळ दट्ट्याच्या घर्षणाची नाही, बरीचशी हवा दाबल्याची आहे. तिसऱ्या प्रयोगात आपण जवळजवळ तेवढीच हवा भरली, तरी पंप थंडच राहतो.

इथे दोन शर्यती चालू आहेत, हे विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावे. पहिली आतल्या हवेची. पंपाच्या मध्यापासून भिंतीपर्यंत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अंतर आहे. वरच्या यादीप्रमाणे उष्णतेला ते ओलांडायला काही सेकंद लागतात. दट्ट्या अर्ध्या सेकंदात आला तर हवा तापते. अर्ध्या मिनिटात आला तर उष्णता भिंतीत जात राहते आणि हवा जवळजवळ होती त्याच तापमानाला राहते. दुसरी शर्यत पंपाच्या धातूची. त्याला मिळालेली उष्णता खोलीत जायला काही मिनिटे लागतात. आपल्या हाताला कळते ते या दुसऱ्या शर्यतीचे फळ. एकाच दट्ट्यासाठी ‘रॅपिडली’चे हे दोन अर्थ झाले.

पुस्तकात पहिल्या प्रकारच्या, उष्णता आत-बाहेर न होऊ देणाऱ्या क्रियेला ‘ॲडियाबॅटिक’ म्हणतात. तापमान कायम राखणाऱ्या क्रियेला ‘आयसोथर्मल’ म्हणतात. पंपाच्या बाबतीत ‘रॅपिडली केले तर ॲडियाबॅटिक, स्लोली केले तर आयसोथर्मल’ हे अगदी बरोबर आहे. विद्यार्थी ते पाठ करतो, आणि पुढच्या धड्यात ध्वनी येतो.

न्यूटनचे गणित आणि लाप्लासची दुरुस्ती

हवेतून ध्वनी किती वेगाने जावा, याचे गणित न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’ या १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. हवा दाबली की तिचा दाब ज्या प्रमाणात वाढतो, त्यावरून ध्वनीचा वेग निघतो. न्यूटनने घेतलेले प्रमाण तापमान कायम राहणाऱ्या हवेचे होते. १७१३ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे उत्तर सेकंदाला ९७९ फूट असे आहे, तर प्रत्यक्ष मोजलेला वेग ११४२ फूट दिला आहे. फरक लहानसहान नव्हता. हवेच्या कणांची जाडी आणि हवेतले बाष्प यांची कारणे देऊन न्यूटनने तो भरून काढायचा प्रयत्न केला, पण ती कारणे टिकली नाहीत.

१८१६ साली फ्रेंच गणिती लाप्लास याने दुरुस्ती सांगितली. संपीडनात हवा दाबली जाते तेव्हा ती किंचित तापते, आणि विरलनात किंचित निवते. साध्या बोलण्याच्या आवाजात हा फरक अंशाच्या काही लाखांशांएवढाच असतो, पण दाबाच्या हिशेबात तो दुर्लक्षून चालत नाही. तापलेली हवा जास्त जोराने उलटी ढकलते, त्यामुळे दाब न्यूटनने धरल्याच्या १.४ पट वाढतो आणि ध्वनीचा वेग १.४च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १.१८ पट होतो. शून्य अंश सेल्सियसला न्यूटनच्या सूत्राने सेकंदाला २८० मीटर येतात; त्याला १.१८ने गुणले की ३३१ मीटर. प्रत्यक्षात वेग तेवढाच आहे.

इथपर्यंत सगळे ठीक. प्रश्न असा : उष्णता संपीडनातून विरलनात का जात नाही? अनेक पुस्तकांत याचे उत्तर एका वाक्यात असते. संपीडने आणि विरलने इतक्या ‘रॅपिडली’ होतात की उष्णतेला वेळच मिळत नाही. परीक्षेत हे वाक्य लिहिले की गुण मिळतात. पंपाचा धडा ताजा असल्यामुळे ते पटतेही.

आता आपला प्रश्न विचारू. ‘रॅपिडली’, पण कशाच्या मानाने?

हिशेब काय सांगतो?

उष्णतेला संपीडनापासून विरलनापर्यंत जायचे आहे. म्हणजे अर्ध्या तरंगलांबीएवढे अंतर. तिच्या हाती वेळ आहे अर्ध्या दोलनकालाएवढा, कारण तेवढ्यात संपीडनाच्या जागी विरलन येते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून आणि उष्णतेचा वरचाच नियम वापरून तीन आवाजांचा हिशेब करू.

पहिला, २० हर्ट्झचा, माणसाला ऐकू येणारा सर्वांत खालचा आवाज. अर्धी तरंगलांबी साडेआठ मीटर. उष्णतेला लागणारा वेळ सुमारे ४२ दिवस. मिळणारा वेळ सेकंदाचा चाळिसावा भाग.

दुसरा, ५०० हर्ट्झचा. अर्धी तरंगलांबी ३४ से.मी. लागणारा वेळ सुमारे दीड तास. मिळणारा वेळ सेकंदाचा हजारावा भाग.

तिसरा, २०,००० हर्ट्झचा, ऐकू येणारा सर्वांत वरचा. अर्धी तरंगलांबी साडेआठ मि.मी. लागणारा वेळ साडेतीन सेकंद. मिळणारा वेळ सेकंदाचा चाळीस हजारावा भाग.

तिन्ही ठिकाणी उष्णता हरते. लाप्लास बरोबर आहे. पण ती कितीने हरते ते पाहा. खालच्या आवाजात लागणारा वेळ मिळणाऱ्या वेळाच्या सुमारे १४ कोटी पट आहे. वरच्या आवाजात तो सुमारे दीड लाख पट आहे. म्हणजे कंपने जलद झाली तेव्हा उष्णतेची बाजू सुधारली! कंपने जितकी मंद, तितकी उष्णता जास्त अडकलेली. पाठ्यपुस्तकातल्या ‘रॅपिडली’वरून आपण याच्या नेमके उलटे अनुमान काढले असते.

असे का व्हावे, हे गणिताशिवायही सांगता येते. मंद्र सप्तकातल्या ‘सा’वरून मध्य सप्तकातल्या ‘सा’वर गेलो की वारंवारता दुप्पट होते. उष्णतेला मिळणारा वेळ निम्मा होतो. पण त्याबरोबर तरंगलांबीही निम्मी होते, आणि निम्मे अंतर जायला उष्णतेला पाव वेळच पुरतो. मिळकत निम्मी झाली, पण खर्च पावपट झाला. प्रत्येक सप्तक वर चढताना उष्णतेची स्थिती दुपटीने सुधारते.

मग वर चढत राहिले तर कधीतरी उष्णता जिंकेल का? हिशेबाने ती वेळ सुमारे ३ अब्ज हर्ट्झला येते. पण तिथे अर्धी तरंगलांबी सुमारे ०.०६ मायक्रॉन उरते, आणि हवेचा रेणू दोन टकरांच्या मध्ये साधारण तेवढेच अंतर जातो. म्हणजे तिथे नेहमीच्या अर्थाने लहरच उरत नाही. मोकळ्या हवेत ऐकू येणारा ध्वनी ॲडियाबॅटिक असतो तो कंपने झपाट्याने होतात म्हणून नव्हे. संपीडन आणि विरलन यांच्यातले अंतर उष्णतेच्या मानाने फार मोठे असते, म्हणून.

पंपाचे उदाहरण आणि ध्वनीचे उदाहरण यांतला फरक आता स्पष्ट होईल. पंपाचा आकार ठरलेला असतो. दट्ट्या जलद मारला म्हणून पंप लहान होत नाही. तिथे शर्यतीतला एकच काळ आपण बदलतो. ध्वनीत मात्र कंपने जलद केली की शर्यतीचे मैदानच आखूड होते. दोन्ही काळ एकदम बदलतात. ‘रॅपिडली’ हा शब्द एका काळाकडेच बोट दाखवतो, आणि आपण दुसऱ्याला विसरतो.

मैदान ठरलेले असते तेव्हा

कापसाच्या गादीत किंवा फोममध्ये शिरलेल्या ध्वनीचा विचार केला तर हा फरक आणखी नीट कळतो. तिथे हवा धाग्यांच्या मधल्या बारीक फटींत असते. समजा, धागा दशांश मि.मी. अंतरावर आहे. उष्णतेला तिथे पोचायला सेकंदाचा दोन हजारावा भाग पुरतो. १०० हर्ट्झच्या आवाजाचा अर्धा दोलनकाल याच्या दसपट आहे, त्यामुळे उष्णता धाग्यात सहज जाते आणि हवेचे तापमान जवळजवळ कायम राहते. इथे न्यूटनचे प्रमाण लागू पडते! १०,००० हर्ट्झला मात्र अर्धा दोलनकाल त्या वेळाच्या दहाव्या भागाएवढाच असतो, आणि लाप्लासचे प्रमाण लागू होते. फटीचा आकार ठरलेला असल्यामुळे इथे ‘रॅपिडली’ पुन्हा बरोबर ठरते. लाऊडस्पीकरच्या बंद पेटीत कापूस किंवा तसाच तंतूंचा पदार्थ भरला की खालच्या स्वरांना ती पेटी आहे त्याहून थोडी मोठी असल्यासारखी वागते, त्यामागे हेच कारण आहे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला पावसाळी वारा आहे. अरबी समुद्रावरून आलेली हवा सह्याद्रीला अडते आणि वर चढते. वरती दाब कमी, म्हणून ती फुगते, निवते आणि ढग बनतात. कोरडी हवा किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी निवते. हे फुगणे ॲडियाबॅटिक असते, असे भूगोलाच्या पुस्तकातही येते. पण वर चढायला हवेला बरीच मिनिटे, कधी तासही लागतात. पंपाच्या मापाने ही क्रिया भलतीच ‘स्लोली’ आहे. तरीही ती ॲडियाबॅटिक राहते, कारण शंभर मीटर हवेतून वहनाने उष्णता पसरायला सुमारे सोळा वर्षे लागतील. काठावरची हवा घुसळून मिसळते तेवढाच काय तो फरक. मराठीत ‘जलद’ म्हणजे ढगही. हा जलद सावकाश बनूनही उष्णतेच्या मानाने जलदच ठरतो.

वर्गात काय करता येईल?

पाठ्यपुस्तकातला शब्द आपल्याला बदलता येणार नाही. विद्यार्थी परीक्षेत जे लिहितील तेही एकदम बदलणार नाही. पण तीन सवयी लावता येतील.

पहिली, ‘रॅपिडली’, ‘स्लोली’, ‘सडनली’, ‘ग्रॅज्युअली’ यांपैकी कोणताही शब्द आला की थांबून ‘कशाच्या मानाने?’ असे विचारावे. उत्तरात दोन काळ आलेच पाहिजेत. एकच काळ सांगणारे उत्तर अपुरे समजावे.

दुसरी, जमेल तिथे दोन्ही काळांचा ढोबळ आकडा काढावा. दसपट इकडे-तिकडे झाला तरी हरकत नाही. ४२ दिवस आणि सेकंदाचा चाळिसावा भाग यांची तुलना करताना दसपटीने काही बिघडत नाही.

तिसरी, एक काळ बदलला की दुसराही बदलतो का, ते पाहावे. ध्वनीच्या वाक्यात चूक झाली ती नेमकी इथे.

याची सर्वांत जास्त गरज प्रयोगशाळेतल्या सूचनांना आहे. ‘संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्यात स्लोली घाला’ असे पुस्तकात असते. विद्यार्थी विचारतो, ‘सर, मी सावकाशच ओतले होते, मग उडाले कसे?’ त्याच्या मनातले ‘सावकाश’ हाताच्या चालीचे असते. सूचनेतले ‘सावकाश’ उष्णतेच्या मानाने आहे. पडलेल्या आम्लाने निर्माण केलेली उष्णता साऱ्या पाण्यात पसरायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा सावकाश पुढचे आम्ल पडले पाहिजे. ढवळणे थांबले की तो वेळ एकदम वाढतो आणि मघाशी सावकाश असलेली धार आता जलद ठरते, हात तेवढाच सावकाश चालत असला तरी. म्हणून ‘स्लोली’ आणि ‘ढवळत’ हे दोन शब्द त्या सूचनेत नेहमी एकत्र हवेत. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधीच नाही, हे तर आहेच.

शब्दकोश ‘रॅपिडली’ला मराठी शब्द देतो, आणि तो चुकीचा नसतो. कशाच्या मानाने, हे मात्र कोणताच शब्दकोश सांगू शकत नाही. ते त्या-त्या प्रयोगाला, खडकाला किंवा लहरीला विचारावे लागते. पुढच्या वेळी फळ्यावर हा शब्द लिहाल, तेव्हा त्याच्यापुढे थोडी जागा मोकळी सोडा. ती विद्यार्थ्यांनी भरायची आहे.